काकांच्या एमजीबीचं पेट्रोल गळणं आणि मिसिंग : माझा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात काकांची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) माझ्याकडे आली, नागपुरातल्या धरमपेठच्या घरी तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. 1967 चं मॉडेल, 1798 सीसीचं इंजिन, त्यावर एसयू कंपनीचे एचएस4 मॉडेलचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे). लहानपणी या गाडीत मागच्या फळीवर बसून अंबाझरीला गेलोय मी, त्यामुळे ती चालू व्हायलाच पाहिजे असं मनात पक्कं होतं.

बॅटरी जोडली, इग्निशन ऑन केलं. मागच्या उजव्या चाकाजवळ एसयूचाच इलेक्ट्रिक पंप असतो, तो टिक टिक टिक करत पेट्रोल पुढे ढकलतो आणि दोन्ही फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरच्या बाजूच्या छोट्या टाक्या, आत तरंगता फ्लोट असतो) भरले की गप्प बसतो, निदान बसायला पाहिजे. आमचा बसेना. दीड-दोन मिनिटं झाली तरी टिक टिक चालूच, आणि तेवढ्यात बॉनेटखालून पेट्रोलचा वास. वाकून पाहतो तर मागच्या कार्ब्युरेटरमधून थेंब थेंब खाली पडतंय. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला धूर बाहेर नेणारा, लालभडक तापणारा भाग) एकाच बाजूला, डावीकडे, वर कार्ब्युरेटर आणि त्याच्या खालीच एक्झॉस्ट, मधे फक्त एक पत्रा. काकांनी तिथल्या तिथे बॅटरीची वायर काढायला लावली आणि म्हणाले, "पहिले आग विझवायचा सिलिंडर आण बे, मग पाना हातात घे." त्या दिवशी सीताबर्डीहून दोन किलोचा सिलिंडर आणला, तो आजही गाडीपाशी असतो. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांनी हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

गळती नेमकी कुठून आहे हे शोधण्यातच माझा पहिला आठवडा गेला, कारण पेट्रोल धातूवरून ओघळत जातं आणि जिथे थेंब दिसतो तिथून ते निघालेलं नसतं. शेवटी दोन्ही कार्ब्युरेटर कोरडे पुसले आणि खालच्या बाजूला टाल्कम पावडर मारली, पंप अर्धा मिनिट चालवून बंद केला. पावडर जिथे पहिल्यांदा भिजली तिथे गळती. दोन जागा सापडल्या. एचएस4 मधे फ्लोट चेंबरच्या तळापासून जेटपर्यंत (जिथून पेट्रोल हवेत सुटतं ते बारीक तोंड) एक बारीक नायलॉनची नळी जाते, ती चेंबरमधे जिथे शिरते तिथलं रबर दगडासारखं झालेलं, ही एक. आणि दुसरी, फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या ओव्हरफ्लो पाइपातून येत होतं, म्हणजे चेंबर भरून फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी आतली पिन ते अडवतच नव्हती.

नळीसकट जेट इंग्लंडहून मागवले. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचे जेट वेगवेगळे येतात, ऑर्डर करताना बघून करा. पार्सल यायला वेळ लागला पण बसवल्यावर ती गळती कायमची बंद झाली.

पिनने मात्र जीव खाल्ला. नवीन पिन आणि सीट टाकलं, फ्लोटची लेव्हल लावली (झाकण उलटं धरायचं, फ्लोट आणि झाकणाची कड यांच्यामधे 3.2 मिमीचा ड्रिल बिट जेमतेम सरकला पाहिजे), दोन दिवस मस्त. तिसऱ्या दिवशी परत ओव्हरफ्लो. परत उघडली, पिन पुसली, बसवली, परत दोन दिवस. असं तीनदा झालं आणि तिसऱ्यांदा मी पिन पुसायच्या आधी उन्हात धरून पाहिली, टोकावर काळा कण, मोहरीच्या दाण्याच्या पाव एवढा. बोटात चुरगळला तर रबर! मग पंपापासून पुढे येणारी नळी काढून ब्लेडने उभी चिरली. बाहेरून चकचकीत नवीसारखी, आतून पापुद्रे सुटलेले, कुजलेल्या झाडाच्या सालीसारखे. नळी जुन्या काळच्या पेट्रोलसाठीची, आणि आता पंपावर मिळतंय ते 20 टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि टाकीत साचलेला जुना चिकटाही सोडवतं. एवढे दिवस मी पिनेला दोष देत होतो आणि कचरा पाठीमागून येतच होता.

सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, एसएई जे30 आर9 असं छापलेली नळी घेतली, ती इथेनॉलला टिकते. टाकी खाली करून धुतली आणि पुढे पारदर्शक फिल्टर लावला म्हणजे काही आलंच तर डोळ्याला दिसेल. पंप त्या दिवशी वीस-बावीस टिक टिक करून थांबला. काका सीटवर बसून मोजत होते.

आता खरं दुखणं. गळती गेली पण गाडी नीट चालेना. आयडलिंगला मिसिंग मारायची (मधेच एखादा सिलिंडर पेटायचाच नाही), आरपीएम वर-खाली, रेस दिली की काळा धूर आणि सिग्नलला उभं राहिलं की बंद. आधी एका गॅरेजवाल्याने मिक्सचर, म्हणजे हवेतलं पेट्रोलचं प्रमाण, वाढवून दिलं होतं, मी कमी केलं, परत वाढवलं, रोज संध्याकाळी स्क्रू आणि नट फिरवणं हाच उद्योग. काका दोन दिवस बघत राहिले, मग म्हणाले, "तू रोज मिक्सचर फिरवून रायला, पण हवा कुठून घेऊन रायली ते पाह्यलं का?"

प्लग काढले. 1 आणि 2 नंबर काळेकुट्ट, 3 आणि 4 पांढरट. पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः पुढच्या दोन सिलिंडरला देतो, मागचा मागच्या दोघांना, म्हणजे मागच्या बाजूला फालतू हवा आत येत होती आणि ती झाकायला सगळ्याचंच मिक्सचर वाढवलेलं. पेट्रोल बाहेर आलं की वास येतो, डाग पडतो, हवा आत गेली तर काहीच दिसत नाही. लोक यासाठी पेट घेणारा स्प्रे मारून बघतात, पण खाली तापलेला एक्झॉस्ट असताना काकांनी ते करू दिलं नाही आणि बरोबर केलं. त्यांची युक्ती साधी, थ्रॉटलचा दांडा (हवेची वाट उघडणारी चकती ज्यावर फिरते तो) कार्ब्युरेटरच्या बॉडीतून जिथे बाहेर येतो तिथे जाड ग्रीस थापायचं. पुढच्याला थापलं, काही फरक नाही. मागच्याला थापलं आणि दहा सेकंदात इंजिनचा आवाज गोल झाला! दांडा हातानेच वर-खाली हलत होता, पन्नास वर्षांची झीज, एवढा वेळ मी तिथे बोट लावूनच पाहिलं नव्हतं.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रीकडे बॉडी नेली. त्यांनी भोक मोठं करून पितळी बुश बसवला, नवीन दांडा टाकला, आणि थ्रॉटलची चकती अडकत नाही ना हे दिव्यासमोर धरून चारदा पाहिलं. फार निगुतीचा माणूस. "भाऊ, घाई करू नका, हे चुकलं तर बॉडीच जाईल," एवढंच बोलले पूर्ण दुपारभर.

त्यानंतर मात्र क्रम सोडला नाही. आधी पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) गॅप 0.38 मिमी, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), मग कार्ब्युरेटरच्या डोक्यावरच्या डॅशपॉटमधलं तेल (कोणीतरी जाड गिअर ऑइल भरलेलं, त्याने कार्ब्युरेटरचा पिस्टन सावकाश उठतो आणि रेस दिल्यावर धूर येतो, तिथे 20 ग्रेडचं साधं इंजिन ऑइल पाहिजे), मग रबरी नळीचं एक टोक कानाला आणि एक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडचा सूं आवाज सारखा करणं, आणि मिक्सचर सगळ्यात शेवटी. जेटखालचा मिक्सचरचा नट पूर्ण वर नेऊन 12 पैलू (नटाच्या सहा बाजूंपैकी एक म्हणजे एक पैलू) खाली, म्हणजे दोन फेरे, तिथून सुरुवात. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याच्या बाजूच्या उचलायच्या पिनने जेमतेम एक मिमी उचलायचा. आरपीएम वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी, क्षणभर थोडा वाढून जागेवर आला तर बरोबर. माझ्याकडे पुढे 14 आणि मागे 15 पैलूंवर आलं. जुन्या लोकांना हे जास्त वाटेल, पण हिशोब आहे त्यात : एक भाग पेट्रोलला जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9, त्यामुळे आताच्या पेट्रोलवर जुनं सेटिंग कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हे सगळं पहाटे सहाला केलं, मे महिन्यात दहानंतर आपल्याकडे बॉनेटला हात लागत नाही आणि तापलेल्या कार्ब्युरेटरवर केलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी खोटं निघतं.

पावसाळा लागायच्या आधी एका रविवारी काकांना घेऊन रामटेकला जाऊन आलो. घरी आल्यावर चारही प्लग काढले, बिस्किटासारखे तपकिरी, चारही सारखे. नळ्यांवर पांढऱ्या रंगाने महिना-वर्ष लिहून ठेवलंय, दोन वर्षांनी चांगल्या दिसल्या तरी काढणार. दुपारी उन्हातून आल्यावर गाडी पाच मिनिटं उभी केली की परत स्टार्ट व्हायला अजून कुरकुर करते, पेट्रोलची वाफ होते लाइनीत, त्या मधल्या पत्र्यावर उष्णता अडवायचं नवं अस्तर लावायचंय, ते या महिन्यात घेतो हाती.