तुम्ही विचारलंत म्हणून: निष्पक्ष बातम्या कोणत्या चॅनलवर लागतात?

नागपुरात मेडिकल चौकाच्या आसपास, हनुमाननगर, रामबाग आणि थोडं रेशीमबागेच्या बाजूला माझं केबलचं काम आहे. आता बरेच जण फोनवरूनच पैसे टाकतात, तरी बॉक्स अडकला की घरी जावंच लागतं. मी टीव्हीच्या मागे वाकून वायर बघत असतो आणि सोफ्यावरून प्रश्न येतो, "भाऊ, तुम्ही तं सगळेच चॅनल दाखवता. यातलं एखादं निष्पक्ष सांगा ना." माझ्या धंद्यात हा प्रश्न बिलापेक्षा जास्त वेळा निघतो. निवडणुका आल्या की तो रागानं विचारतात, "ते विकलेलं चॅनल काहून ठेवलं बाप्पा लायनीत?"

दारात उभं राहून जेवढं सांगता येतं त्यापेक्षा हे उत्तर लांब आहे, म्हणून इथे लिहितो.

आधी एक गैरसमज काढतो. चॅनल मी निवडत नाही. सिग्नल मोठ्या ऑपरेटरच्या हेडएंडवरून, म्हणजे जिथून सगळे चॅनल तारेत सोडतात त्या केंद्रावरून, येतो, कोणतं चॅनल कितव्या नंबरवर हे तिथेच ठरतं, आणि चांगल्या जागेसाठी चॅनलवाले त्यांना पैसे मोजतात. टीव्ही सुरू केल्याबरोबर तुम्ही न मागता जे चॅनल समोर येतं त्याला लँडिंग पेज म्हणतात, ती जागासुद्धा विकत घेतलेली असते. टीव्ही-टेलिकॉमचे नियम करणाऱ्या ट्रायनं २०१८ मध्ये ते थांबवून पाहिलं, पुढच्या वर्षी या धंद्यातले तंटे बघणाऱ्या टीडीसॅट न्यायाधिकरणानं तो आदेश उडवला. कायदा मात्र माझ्याकडेच बोट दाखवतो. १९९५ च्या केबल कायद्यात लिहिलंय की प्रोग्राम कोडमध्ये, म्हणजे काय दाखवायचं नाही त्या सरकारी नियमांत, न बसणारा कार्यक्रम कुणीही केबलवरून दाखवायचा नाही. म्हणजे दिल्ली-मुंबईत बसून कुणी काहीही बोललं तरी तारेच्या या टोकाला मी जबाबदार. तो कोड चिकटवायची जागा माझ्या स्कूटरवर नाही, नाहीतर चिकटवला असता.

आता पक्षपाताकडे येतो. माझ्या लायनीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राजकारण बदलतं. एका घरात भिंतीवर डॉक्टर हेडगेवार, चार खांब पुढे बाबासाहेब आणि बुद्ध. दोन्हीकडे तार तीच. दसऱ्याच्या दिवशी तर नागपुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीची, आणि बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला तोही १४ ऑक्टोबर १९५६ च्या विजयादशमीलाच. त्यामुळे त्या सकाळी रेशीमबागेत संघाचा उत्सव, आणि रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर दीक्षाभूमीला गावोगावहून आलेली माणसं. चॅनलांच्या ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, कुठे किती उभ्या आहेत हे माझे ग्राहक मोजून मला ऐकवतात. २०१४ मध्ये दूरदर्शननं सरसंघचालकांचं भाषण थेट दाखवलं तेव्हा देशभर वाद झाला. एका गल्लीत लोक म्हणाले, चला, इतक्या वर्षांनी दाखवलं एकदाचं. दुसऱ्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "आमचे लाखो लोक तिकडं उन्हात उभे आहेत, ते कुठं आहेत या डब्ब्यात?" मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला, अजूनही वाटतो.

पण असंही होतं की एकाच चॅनलवरची एकच बातमी, आणि दोन्ही गल्ल्या म्हणतात की हे आमच्या विरुद्ध आहे. मला आधी वाटायचं की लोक उगाच बोलून राहिले. माझी भाची विद्यापीठाच्या जनसंवाद विभागात शिकत होती, तिनं एक अभ्यास सांगितला. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये हत्याकांड झालं. त्याच्या अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या वॅलोन, रॉस आणि लेपर या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या, काही इस्रायलच्या बाजूचे, काही अरबांच्या. चित्रफीत तीच. दोन्ही गटांनी सांगितलं की ती आपल्या विरोधात झुकलेली आहे. १९८५ मध्ये हे छापून आलं. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. माझ्या लायनीतले सगळ्यात चिडलेले ग्राहकही तेच आहेत जे सगळ्यात जास्त वाचतात.

याचा अर्थ सगळा दोष बघणाऱ्याच्या चष्म्याचा, असं म्हणून मी मोकळा होणार नाही. काही चॅनल उघड उघड एका बाजूची आहेत, दिवसाढवळ्या दिसतं ते. सत्तेतल्या माणसाला विचारायचा प्रश्न विरोधातल्या माणसाला विचारतात, एका पक्षाच्या प्रवक्त्याला पूर्ण वाक्य बोलू देतात आणि दुसऱ्याचा माईक बारीक करतात. उलट्या बाजूनंही हेच करणारे आहेत, त्यांची संख्या आणि पैसा कमी, एवढाच फरक. मी ते रोज बघतो, कारण दुकानात चार टीव्ही चालू असतात.

तरी माझी चीड वेगळ्या जागी आहे, आणि ती समजायला वर्तमानपत्रांकडे जावं लागेल. नागपूरकरांना झुकलेल्या बातम्या नव्या नाहीत. 'हितवाद' १९११ मध्ये निघाला तो गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा म्हणून. 'तरुण भारत' संघविचाराचा हे महाल भागातलं शेंबडं पोर सांगायचं. 'लोकमत' ज्या दर्डांनी उभा केला ते काँग्रेसचे मंत्री. कुणी काही लपवलं नव्हतं. आमच्या वडिलांकडे एक पेपर घरी यायचा आणि दुसरा ते चहाच्या टपरीवर वाचायचे, दोन्ही वाचून शिव्या घालायचे, आणि मग कॉटन मार्केटचे भाव, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटचं प्रकरण, यवतमाळ-वर्ध्याकडचा पाऊस, कोर्टातले निकाल असं सगळं वाचून काढायचे. अग्रलेख कुणाचाही असो, आतल्या पानावरची बातमी कुणीतरी सायकलनं जाऊन आणलेली असायची. इतवारीतला दुकानदार काटा मारतो हे माहीत असलं की माणूस तेवढं धरून सौदा करतो. पारड्यात मालच टाकला नाही तर कितीही हिशेब करा, पिशवी रिकामीच.

आजच्या चॅनलांवर तेच झालंय. संध्याकाळ झाली की सहा खिडक्या, सहा तोंडं, खाली लाल पट्टी. यात बातमी कुठे आहे? कुणी कुणाला काय म्हणालं त्यावर तिसरा काय म्हणाला, एवढंच. हे असं का, तर ते स्वस्त पडतं. प्रवक्त्याला पक्ष पाठवतो, विश्लेषक घरून मोबाईलवर बसतो, अँकरला पगार आहेच. उलट एक बातमीदार, एक कॅमेरामन आणि गाडी तीन दिवस गडचिरोलीला पाठवायची तर खर्च येतो, आणि एवढं करून पाच मिनिटांची बातमी निघते. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझ्या ओळखीचा मुलगा आहे, तो एकटा तीन चॅनलांना बातम्या पाठवतो, बातमी लागली तर पैसे. पेट्रोल त्याचं. तो अपघात आणि पुढाऱ्यांचे दौरे पाठवतो, कारण तेच लागतं.

"पण आम्ही पैसे भरतो ना?" हेही मला ऐकवतात. भरता, पण कुणाला? २०१९ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा शंभर चॅनलांचं मूळ भाडं १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे १५३ रुपये ४० पैसे झाले. ते केबलच्या जाळ्याचं भाडं, चॅनलवाल्याला त्यातलं काही जात नाही. मालिकांचे आणि क्रिकेटचे चॅनल तुम्ही वेगळे पैसे देऊन घेता. बातम्यांचे बहुतेक चॅनल फुकट आहेत, नाहीतर रुपया-दोन रुपयांचे. तुमच्याकडून त्यांना मिळतं ते फक्त तुमचं बघणं, आणि ते जाहिरातदाराला विकलं जातं. त्या जाहिरातदारांत साबणवाले आहेत तसं केंद्र सरकार आहे, राज्य सरकारं आहेत, निवडणुकीत पक्ष आहेत. रुपया न देणाऱ्या माणसाच्या नाराजीला चॅनलच्या हिशेबात कोणता रकाना असेल?

टीआरपीचं, म्हणजे कोणतं चॅनल किती बघितलं जातं त्या आकड्याचं, नाव घेऊन सगळं त्याच्यावर ढकलायची एक पद्धत आहे. देशात वीस कोटींहून जास्त घरांत टीव्ही, आणि ते मोजायचं मीटर त्यातल्या काही हजार घरांतच. माझ्या लायनीत कुणाकडे आहे हे मलाही माहीत नाही, ते गुप्तच ठेवायचं असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला आणि हे आकडे काढणाऱ्या बार्क संस्थेनं बातम्यांच्या चॅनलांचे आकडे देणं थांबवलं. ते मार्च २०२२ पर्यंत बंद होते. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष कुणाला कुणाचा आठवड्याचा नंबर कळत नव्हता. त्या काळात आरडाओरडा कमी झाला का? माझ्या दुकानातल्या चार टीव्हींवर तरी नाही झाला. तेव्हापासून टीआरपीला एकट्याला दोष देणं मी सोडलं.

आणि आता नागपूरचीच गोष्ट. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं. डिसेंबरमध्ये विधानभवनाच्या बाहेर ओबी व्हॅनची रांग लागते. मोर्चे टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं थंडीत रस्त्यावर बसलेली असतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला अशाच एका मोर्च्यात गोवारी समाजाची ११४ माणसं चेंगरून मेली, झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. मोर्चे अडवतात तिथून कॅमेरे किती लांब आहेत? पायी जाता येईल इतके. पण कॅमेरे आमदाराच्या गाडीच्या दारापाशी थांबलेले, की तो उतरताना दुसऱ्या गटाच्या आमदाराबद्दल काही बोलतो का.

गोसीखुर्द धरणाचंच घ्या. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. तेव्हाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. त्यानंतर काँग्रेस आली, युती आली, आघाडी आली, पुन्हा युती, महाविकास आघाडी, महायुती. खर्च हजारो कोटींवर गेला आणि काम अजून पुरतं संपलेलं नाही. ज्या चॅनलला ज्या पक्षाला झोडपायचंय त्याला यापेक्षा चांगली काठी मिळणार नाही, कारण प्रत्येक पक्षाचा हात त्यात आहे. तरी त्यावर एक पूर्ण तास मी कोणत्याच बाजूच्या चॅनलवर बघितला नाही. त्यासाठी पवनीला जावं लागेल, कालव्यावर फिरावं लागेल, कागद वाचावे लागतील. एका बाजूची बातमी करायची तरी बातमी करावी लागते, आणि यांना तेवढाही खर्च नको. तुम्ही त्यांना विकलेले म्हणता. मी म्हणतो, विकायला निदान माल तरी आणा.

तक्रार कुठे करायची, हेही विचारतात. बहुतेक मोठ्या चॅनलांनी मिळून एनबीडीएसए नावाचं प्राधिकरण ठेवलंय, २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा न्यायमूर्ती जे. एस. वर्मा त्याचे पहिले अध्यक्ष होते. आधी चॅनलला लिहायचं, समाधान झालं नाही तर प्राधिकरणाकडे. मुदती थोड्या दिवसांच्या असतात, म्हणून कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि अँकर लगेच लिहून ठेवा. दंड मात्र २०२३ मध्ये एक लाखापर्यंतच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की एवढ्या दंडानं काही होत नाही. शिवाय जे चॅनल सदस्य नाहीत त्यांना हे लागू पडत नाही. तरी करा. मी दोघा-तिघांना मराठीत अर्ज लिहून दिलेत, त्यातल्या एकाला चॅनलचं उत्तरही आलं. गुळमुळीत होतं, पण आलं.

तर मी स्वतः काय बघतो? सकाळी आकाशवाणी नागपूरच्या प्रादेशिक बातम्या ऐकतो. दोन पेपर, मुद्दाम एकमेकांशी न पटणारे. संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या. त्या सरकारी आहेत, सरकारला टोचेल असं तिथे मिळणार नाही, हे धरूनच बघायचं. संसद सुरू असली की संसद टीव्हीवर भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे कुणी समजावून सांगायला नसताना. कंटाळा येतो, पण ज्या भाषणातलं एक वाक्य रात्री दहा वेळा वाजतं ते पूर्ण ऐकलेलं असलं की खूप फरक पडतो. खाजगी चॅनल मी लावतो ते पूर, निकाल, आग असं काही असेल तेव्हा, आणि बातमीदार प्रत्यक्ष तिथे उभा असेल तरच. तो स्टुडिओत परतला की मी बदलतो.

सह्याद्री आणि संसद टीव्ही दोन्ही तुमच्या बॉक्समध्ये आधीपासून आहेत, वेगळे पैसे लागत नाहीत. नंबर सापडत नसेल तर दुकानात फोन करा. दुपारी करा, रात्री नऊनंतर चारही टीव्ही एकदम भांडत असतात आणि मला पलीकडचं काही ऐकू येत नाही.