सोमरच्या समोरचे अकरा मीटर

१ जून २०२५, रविवार

चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना: पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) ५, इंटर मिलान ०. स्पर्धेचं नाव युरोपियन कप होतं त्या दिवसांपासून मोजलं तरी अंतिम सामना इतक्या फरकाने कुणी जिंकलेला नाही. पण काल म्युनिकमध्ये जे घडलं त्याचं मूळ कुठल्याच गोलमध्ये नाही, इंटरच्या गोल-किकमध्ये (गोलसमोरून चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करतात ती किक) आहे. इंटरचा गोलरक्षक यान सोमर चेंडू ठेवतोय, आणि पेनल्टी क्षेत्राच्या रेषेबाहेर पीएसजीचा आघाडीवीर उस्मान डेम्बेले शर्यतीच्या सुरुवातीला धावपटू वाकतो तसा गुडघ्यात वाकून उभा आहे. नजर सोमरच्या बुटावर. कॅमेऱ्याने ते दोन-तीनदा जवळून दाखवलं, आणि तेवढंच पाहिलं तरी सामना कळतो.

आधी मापं. पेनल्टी क्षेत्र गोलरेषेपासून साडेसोळा मीटर खोल, आतलं गोलक्षेत्र साडेपाच मीटर. म्हणजे गोल-किकच्या चेंडूपासून डेम्बेलेपर्यंत अकरा मीटर. २०१९ मध्ये नियम बदलला आणि गोल-किकचा पास आपल्याच पेनल्टी क्षेत्रात घेता येऊ लागला. प्रतिस्पर्ध्याला मात्र किक बसेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं. तेव्हापासून जवळजवळ सगळे मोठे संघ मागून छोटे पास देत खेळ उभा करतात. इंटर त्यात तरबेज. समोरच्याला मुद्दाम अंगावर येऊ द्यायचं आणि त्याच्या पाठीमागे जी जागा मोकळी होते तिथे चेंडू काढायचा, ही प्रशिक्षक सिमोने इन्झागीच्या संघाची वर्षानुवर्षांची सवय. वेगात धावणारा माणूस अकरा मीटर दोनेक सेकंदांत कापतो. बचावपटूला पास घेऊन, मान वर करून, पुढचा माणूस शोधायला साधारण तेवढाच वेळ लागतो. काल इंटरला ती मान वर करायची फुरसतच मिळाली नाही.

सामना सुरू झाला तोच या बेताने. पीएसजीने पहिला चेंडू स्वतःकडे ठेवलाच नाही. मागे पास देऊन थेट इंटरच्या हद्दीत खोलवर, बाजूच्या रेषेबाहेर मारला. इंटरला थ्रो-इन मिळाला, पण तो स्वतःच्या गोलजवळ आणि कोपऱ्यात, आणि पीएसजीचे खेळाडू आधीच तिथे जमलेले. चेंडू दिला, जागा घेतली. प्रशिक्षक लुईस एन्रिकेचा संघ या मोसमात हे बऱ्याचदा करत आला आहे.

आता कोण कुणाच्या अंगावर, ते. इंटरची रचना ३-५-२ (बचाव, मधली फळी, आघाडी या क्रमाने), पीएसजीची ४-३-३. पुढे आधीचं नाव पीएसजीचं, नंतरचं इंटरचं. डेम्बेले मधला बचावपटू अचेर्बीवर, आणि चेंडू मागे गेला तर तिथून पुढे सोमरवर. देझिरे दुए बास्तोनीच्या बाजूला, ख्वारात्सखेलिया पावारच्या. मधल्या फळीत व्हितिन्या, जोआव नेव्हेस आणि फाबियान रुईझ हे तिघे बारेला, चाल्हानोग्लू आणि मखितारियान या तिघांना चिकटलेले. हकिमी वर येऊन दिमार्कोवर, नुनो मेंडेस डुम्फ्रीसवर. मागे मार्क्विन्योस आणि पाचो हे दोघेच बचावपटू, तुराम आणि लाउतारो या दोन आघाडीवीरांसमोर. दोघांना दोघे, मागे जादा माणूस नाही. बहुतेक प्रशिक्षकांची छाती इथेच दडपते. एन्रिकेने तो धोका पत्करला, कारण वर चेंडूवाल्यावर पुरेसा दबाव असेल तर अचूक लांब पास सुटतच नाही.

डेम्बेलेची धाव सरळ नव्हती, हे विशेष. तो कमानीसारखा वळून यायचा आणि येताना सोमर आणि एका बाजूच्या बचावपटूमधली वाट स्वतःच्या अंगाने झाकायचा. उरायची दुसरी बाजू. चेंडू तिकडे गेला की बाजूची रेषा हाच जादा बचावपटू. आपल्याकडे कबड्डीत चढाईवाल्याला कोपऱ्याकडे ओढून साखळी मिटवतात तसंच हे. पकड एकाची दिसते, पण चढाईवाला फसलेला असतो साखळीमुळे. हाच पळणारा आघाडीवीर नाकासमोर सरळ धावला तर दोन्ही वाटा उघड्या राहतात, आणि त्याच्या मागच्या सहा जणांची मेहनत पाण्यात जाते.

पहिला गोल १२व्या मिनिटाला. व्हितिन्याने मधून एक खडा पास थेट पेनल्टी क्षेत्रात दुएच्या पायात घातला. इंटरची बाकीची फळी पुढे सरकली होती, दिमार्को एकटा मागे रेंगाळला. दुए ऑफसाइड नव्हता तो त्याच्यामुळे. दुए वळला आणि त्याने गोलसमोर आडवा पास दिला, हकिमीने नुसता पाय लावला. हकिमी उजवा बचावपटू! तो तिथे मधल्या आघाडीवीराच्या जागी होता आणि दुए रुंदी धरून बाहेर. ही अदलाबदल सामनाभर चालू होती. डेम्बेले खाली यायचा, त्याच्या मागे अचेर्बी जावं की न जावं या पेचात अडकायचा, आणि त्याने सोडलेल्या फटीत कुणीतरी तिसराच धावत शिरायचा. इंटरकडून खेळलेल्या हकिमीने गोलचा आनंद साजरा केला नाही. हात जोडल्यासारखे वर केले. ते मला मनापासून आवडलं.

दुसरा गोल २०व्या मिनिटाला आणि मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. पीएसजीच्या कोपऱ्यात बारेला अंग आडवं घालून कॉर्नर मिळवू पाहत होता. दहापैकी नऊ खेळाडूंनी तो चेंडू सोडून दिला असता. पाचोने रेषेवरून तो पायाने ओढून आत ठेवला. तिथून ख्वारात्सखेलिया, डाव्या बाजूने पळणारा डेम्बेले, आणि मैदानाच्या पलीकडे एकटा दुए. त्याचा फटका पाठ फिरवलेल्या दिमार्कोला लागून दिशा बदलून आत गेला. नशिबाचा भाग आहे, कबूल. पण इंटर कॉर्नरच्या आशेवर असताना पीएसजीचे तिघे आधीच पळायला लागले होते, त्यात नशीब नाही.

इंटरच्या हाती पहिल्या अर्धात काय आलं? कॉर्नरवरचे दोन हेडर. अचेर्बीचा वरून गेला, तुरामचा बाजूने. खुल्या खेळात जवळपास काहीच नाही.

दुसऱ्या अर्धात ५४व्या मिनिटाला दिमार्को आणि पावार बाहेर. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी बिसेक दहा मिनिटं व्हायच्या आत दुखापतीने परत गेला, बदल वाया. ६३व्या मिनिटाचा गोल वहीत जपून ठेवावा असा. व्हितिन्या चेंडू घेऊन निघतो, डेम्बेलेकडे देतो, डेम्बेले टाचेने परत सोडतो, व्हितिन्या न थांबता दुएला पुढे देतो, आणि दुए पहिल्याच स्पर्शात खाली कोपऱ्यात. वय १९, अंतिम सामन्यात दोन गोल आणि गोल करून देणारा एक पास. पुढे ७३व्या मिनिटाला ख्वारात्सखेलिया, ८६व्याला नुकताच आत आलेला मायुलू, तोही १९चाच. हे शेवटचे दोन गोल इंटर उघडं पडल्यावरचे. डावपेचांच्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखं थोडं.

४ जून २०२५, बुधवार

इन्झागीने काल इंटर सोडलं. अंतिम सामन्याचं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. चुका होत्या, पण त्यांच्यामागे कारणं होती.

थकवा हे पहिलं. पीएसजीने फ्रान्सची लीग ५ एप्रिललाच, सहा सामने शिल्लक असताना जिंकली. त्यानंतर एन्रिकेला माणसं आलटून-पालटून खेळवता आली. इंटर २३ मेपर्यंत नापोलीशी झुंजत राहिलं आणि एका गुणाने इटलीतलं विजेतेपद हरलं. त्याआधी बार्सिलोनाविरुद्धचे उपांत्य सामने, ३-३ आणि मग जादा वेळेत ४-३. अचेर्बी ३७ वर्षांचा, सोमर आणि मखितारियान ३६चे. दबावातून चेंडू सोडवायचा तर पास देणाऱ्याइतकंच घेणाऱ्यालाही पळावं लागतं. काल-परवा पुन्हा पाहताना दिसलं ते हेच: चाल्हानोग्लू चेंडू मागायला येतो, पण त्याच्यासोबत व्हितिन्याही येतो, आणि त्याला झटकून टाकणारी ती दोन-तीन मीटरची उडी पायांत उरलेली नाही.

दुसरं, विंगबॅक, म्हणजे बाजूच्या रेषेलगत वर-खाली धावणारे दोघे. इंटरचा श्वास डुम्फ्रीस आणि दिमार्को. बार्सिलोनात पहिल्या सामन्यात डुम्फ्रीसने दोन गोल केले होते. इथे ख्वारात्सखेलिया आणि मेंडेस ही जोडी त्याच्या बाजूला, आणि दिमार्कोसमोर दुए आणि हकिमी. दोघेही मागे ढकलले गेले, ३-५-२ चं ५-३-२ झालं, आणि आघाडीचे दोघे एकाकी पडले.

तिसरी मात्र खरी चूक. लांब चेंडू मारायला उशीर केला, आणि मारले तेव्हा ते तुराम आणि लाउतारोच्या अंगावर. दोघांची पाठ गोलकडे, मागे मार्क्विन्योस आणि पाचो चिकटलेले. पाठमोऱ्या माणसाला दिलेला लांब चेंडू बहुतेक वेळा परतच येतो.

आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी हे मुलांकडून करून घ्यायचं ठरवलं तर अख्ख्या मैदानापासून सुरुवात करू नये. अर्धं मैदान, गोलरक्षक धरून सात विरुद्ध सहा, प्रत्येक वेळी सुरुवात गोल-किकने. दबाव आणणाऱ्यांना आठ सेकंद. तेवढ्यात चेंडू मिळाला नाही तर सगळ्यांनी मध्यरेषेकडे परत यायचं, पळत राहायचं नाही. चार फेऱ्या, मग दोन मिनिटं विश्रांती. चूक कुठे होते ते लगेच दिसतं: पुढचा मुलगा जीव तोडून धावतो, मागचे तीन जागेवर उभे राहतात, आणि मध्ये वीस मीटरची गल्ली पडते. तेव्हा ओरडायचं ते पुढच्यावर नाही, मागच्यांवर. आणि मे महिन्याच्या उन्हात, कडक जमिनीवर नव्वद मिनिटं हे कुणालाच झेपणार नाही. अर्धाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आणि गोल झाल्यावर लगेचच्या पाच मिनिटांत वापरावं.

१४ जुलै २०२५, सोमवार

क्लब विश्वचषकाचा अंतिम सामना, न्यू जर्सी: चेल्सी ३, पीएसजी ०. तिन्ही गोल पहिल्या अर्धात. सहा आठवड्यांत उत्तर सापडलं.

प्रशिक्षक मारेस्काच्या चेल्सीने पहिल्या मिनिटांपासून पीएसजीचीच भाषा पीएसजीला ऐकवली, माणसाला माणूस लावून. पेद्रो नेतो डावीकडे खाली उतरून हकिमीच्या वाटेत उभा राहिला. रीस जेम्सला मधल्या फळीत घेतलं. आणि चेंडू मागून उभा करायचा हट्ट सोडला. जिथे दबाव आहे तिथून खेळायचंच कशाला, सरळ त्याच्या डोक्यावरून जायचं.

पण इंटरच्या लांब चेंडूंत आणि या लांब चेंडूंत फरक आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. चेल्सीने ते माणसावर मारले नाहीत, जागेत मारले. मेंडेस सतत वर चढतो, म्हणून त्याच्या मागची पट्टी. तिथे माल्यो गुस्तो आणि कोल पामर पाठमोरे उभे नव्हते, गोलकडे तोंड करून आधीच धावत होते. त्यात पाचो निलंबित, त्या बाजूला मध्ये बेराल्डो. पाचो असता तर मेंडेसची चूक झाकली गेली असती असं मला वाटतं. मागे दोनच माणसं ठेवण्याची चैन पाचोच्या वेगावर उभी आहे.

२२व्या मिनिटाचा गोल: चेल्सीचा गोलरक्षक सांचेझचा लांब चेंडू, मेंडेसचा अंदाज चुकला, गुस्तो आत, त्याचा फटका अडला, चेंडू परत त्याच्याकडेच, मग पामरकडे, आणि पामरने डाव्या पायाने शांतपणे खाली कोपऱ्यात सरकवला. ३०व्या मिनिटाला बचावपटू कोलविलचा लांब पास, तीच पट्टी, पामरचं एक हूल देणं आणि जवळजवळ तोच फटका. ४३व्याला पामरने जोआव पेद्रोला पुढे सोडलं, त्याने पीएसजीचा गोलरक्षक डोन्नारुम्मावरून अलगद उचलला.

पहिला गोल पुन्हा पाहताना चेंडूकडे पाहायचं नाही, डेम्बेलेकडे पाहायचं. सांचेझने पाय मागे घेतला की त्याचं काम संपलेलंच असतं. कारण चेंडू निघालाय तो मेंडेसच्या दिशेने, आणि मेंडेस मागे मागे सरकत, मान उंचावून, तो कुठे पडणार हे शोधतोय.