केस जमले, पाणी जमेना

ड्रेडलॉक्स, म्हणजे केस मुद्दाम गुंतवून केलेल्या दोरीसारख्या जाड बटा, यांच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: "शाम्पू लावून झाला की भरपूर पाण्यानं खळखळून धुवा." लिहिणाऱ्याच्या घरी तोटी फिरवली की पाणी येत असावं. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री. मधल्या दिवसांत बोअर. आणि बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणजे काय ते समजून घ्या. त्यामुळे लॉक्स कसे केले हा भाग मी झटकन उरकते. तो सोपा होता.

पुण्यात एका बाईंकडे करून घेतले. आपले केस बहुतेकांचे सरळ आणि निसरडे, ते आपोआप नीट गुंतून बसत नाहीत. म्हणून डोक्यावर इंचभराचे चौकोन पाडतात, भिंतीत विटा रचतात तसे एकाआड एक सरकवून, म्हणजे मधली कातडी दिसत नाही. मग एकेक बट मुळाकडे उलटी विंचरून गुंतवायची आणि बारीक टोकाच्या क्रोशाच्या सुईनं सुटे केस आत ओढत राहायचे. बसून बसून मान आखडली, रात्री डोकं उशीवर टेकवेना, पण झालं. कमरेपर्यंतचे केस खांद्याच्या जरा खाली आले. एवढे आखडतात हे मला आधी कुणी बोललं नव्हतं, म्हणून बोलून ठेवते. मेण लावू का असं कुणी विचारलं तर तिथून उठून या. ते आत बसतं आणि कशानंही निघत नाही.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "काय करून घेतलीस गं माय हे?" मग शेजारच्या काकू आल्या, मग आत्या. आमच्याकडे असे केस बघितले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पोतराज नाहीतर जट. आठवडी बाजारात मेथी निवडत होते, तर एका म्हातारीनं मागून एक लॉक हळूच उचललं, कपाळाला लावलं आणि दहाची नोट माझ्या पिशवीत टाकली. "कोण्या आईची हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "आजी, पार्लरमधून केलेत." तिला ते पटलं नाही आणि नोटही परत घेईना. दुसऱ्या बाजूनं, शाळेत आम्हाला विज्ञान शिकवलेले आणि अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करणारे एक सर घरी आले. खुर्चीवर बसून शांतपणे समजावू लागले की केस न विंचरल्यानं, मळ बसल्यानं गुंता होतो, यात दैवी काही नसतं, सोडवायला भ्यायचं नाही. मी म्हटलं, "सर, मी पैसे देऊन केलंय." सर बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत होते.

त्यांचं काम मोठं आहे हेही सांगते. अंगात देवी आली म्हणून जट ठेवायची, ती कापली तर घरावर कोप होईल, या भीतीपोटी कितीतरी बायांनी वर्षानुवर्षं मानेवर ते ओझं वागवलंय. मानदुखी, उवा, झोप नाही. माझं तसं नाही. माझ्या डोक्यावर आहे ते मी ठरवून ठेवलंय आणि धुतेसुद्धा. निदान धुवायचा प्रयत्न करते.

लोक महिन्या-दीड महिन्यात गप्प झाले. पाण्याचं प्रकरण तिथून सुरू झालं.

सुरुवातीला धुणं बोअरच्या पाण्यावर आणि साबणानं. साबण आत्यानं आणून दिलेला, हातानं बनवलेला, केमिकल नसलेला. साबण आणि जड पाणी एकत्र आलं की काय होतं हे शाळेत शिकलेलं असतं. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडतं, फेस धरत नाही आणि पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. मोकळ्या केसांत तो बसला तरी तेल-फणी करताना बराचसा निघून जातो. लॉकमध्ये फणी जाणारच नाही, त्यामुळे धुण्यामागून धुणं तो आतच साठत गेला. केस वाळले तरी चिकट लागायचे, आणि त्याच वेळी ताठही. ओलं लॉक मुठीत पिळलं की करडं, दुधाळ पाणी यायचं, कितीही धुतलं तरी. शेवटी एका लॉकचं टोक ब्लेडनं कापून उभं उकललं. बाहेरून काळंभोर, आत मधोमध राखाडी गाभा. खरवडला तर नखाखाली मऊ पांढरट थर जमला.

आत्या म्हणाली कोंडा आहे. पार्लरवाली म्हणाली बुरशी आहे. गावातल्या दुसऱ्या पार्लरवालीनं तर हातच लावला नाही, "ताई, माझ्या घरात लेकरंबाळं हायत," एवढं बोलून शटर अर्धं ओढलं.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. पाण्यात तुरटी फिरव, असं निदान अर्ध्या गल्लीनं सांगितलं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार बसत नाही. आमच्या बोअरचं पाणी दिसायला आरशासारखं असतं, त्यात तुरटी काय खाली बसवणार? पाणी उकळून घे, म्हणाले. उकळल्यानं फरक पडतो, पण थोडा. पातेल्याच्या बुडाला जो पापुद्रा धरतो तेवढा क्षार कमी झाला, बाकीचा आहे तिथंच. आणि दोन बादल्या पाणी उकळून, निववून, वरचं वरचं काढून घ्यायचं तर सिलिंडर कुणाच्या नावावर लावू? शिकेकाईची पूड लॉक्सच्या जवळपासही आणू नका, कण आत जाऊन बसतात. रिठा मात्र चांगला. त्याच्या फेसाचा जड पाण्यात साबणासारखा साका होत नाही. रात्री भिजवायचा, सकाळी उकळून कुस्करायचा आणि पातळ फडक्यातून दोनदा गाळायचा. डोळे घट्ट मिटा, फार झोंबतो.

मग एकदा बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणीला दिली. कागद आला तेव्हा काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, 600 च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. आमची बोअर चालवून घेण्याच्याही पलीकडची निघाली. टीडीएस मीटर विकत घ्यायच्या विचारात असाल तर पैसे वाचवा. ते एकूण विरघळलेलं सगळं मोजतं, त्यात काठिण्य किती हे सांगत नाही.

नळाचं पाणी धरणाचं, ते बोअरच्या मानानं बरंच हलकं. म्हणजे उत्तर समोरच होतं. फक्त ते नळातून यायला पाहिजे होतं.

वाट बघणं म्हणजे काय ते इथं सांगते. डोकं खाजतंय. पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लावला की तो म्हणणार, "आज रात्री सोडतो." रात्री दोनला मोटार लावून बसलं की पाइपातून नुसती हवा. सकाळी कळतं की लाइन फुटली. परवा येईल. परवा वीज नाही. त्याच्या परवा पाणी येतं, अडीच वाजता, आणि अख्खी गल्ली मोटारी लावते तेव्हा धार करंगळीएवढी. त्या वेळी केस धुवायचे म्हटलं तर धुता येतात, पण वाळवायचे कसे? लॉक बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं. ओल्या डोक्यानं झोपलं की आत कुबट वास धरतो, बुरशी धरते, आणि तो वास एकदा बसला की लॉक कापूनच जातो म्हणतात. म्हणून धुणं सकाळीच पाहिजे आणि दिवसभर ऊन पाहिजे. म्हणजे रात्रीचं पाणी भरून ठेवायला पाहिजे. म्हणजे पिंप. आणि पिंपावर आईची सत्ता.

"प्यायच्या पाण्यानं केस धुणार तू?" हे आईचं वाक्य. यावर काही बोलता येत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. तो उन्हाळा आईनं काढलाय. आम्ही परातीत उभं राहून अंघोळ करायचो, ते पाणी फरशीला आणि उरलेलं संडासाला. जिनं तसे दिवस काढलेत तिच्यासमोर दोन बादल्या गोडं पाणी केसांसाठी मागायला तोंड उघडत नाही. मी मागितलं. मिळालं नाही. पुढच्या पाळीला एक बादली मिळाली, तर सकाळपासून आभाळ भरून आलं, आणि ती बादली संध्याकाळी भाजी-भांड्याला गेली.

माझं डोकं सगळ्यात वाईट होतं ते त्या दिवसांत. कापून टाकावं वाटायचं. वर जो तो लिहितोय, आठवड्यातून एकदा नियमित धुवा.

मग जार सुचला. लग्नाकार्याला, दुकानात येतो तो वीस लिटरचा आरओचा जार. पहिलं भिजवणं आणि शाम्पू बोअरच्या पाण्यानं, पण शाम्पू पातळ, कंडिशनर नसलेला, पारदर्शक; साबण नको. शेवटचं धुणं पूर्ण जारच्या पाण्यानं. मला दोन जार लागतात. पहिल्यांदा जारवाला म्हणाला, "पाव्हणे आले का ताई?" आता विचारत नाही, रविवारी सकाळी ओट्यावर ठेवून जातो. घरी आरओ असेल तर त्याच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र केसांना घेऊ नका. फुकटात मिळतं म्हणून मोह होतो, पण गाळून काढलेला सगळा क्षार त्यातच असतो.

आत साठलेलं काढायला खायचा सोडा. कोमट जारच्या पाण्यात मूठभर सोडा, लॉक्स त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचे, मग धुऊन मगभर पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालून ते ओतायचं. क्षार आंबटाला विरघळतो. पुन्हा साध्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर दिवसभर लोणच्याचा वास येतो. वर्षातून दोनदा पुरे, सोड्यानं केस कोरडे पडून तुटतात. डोक्यात जखम, खाजवून आलेला ओरखडा असेल तर थांबा.

आणि पाऊस. पहिले दोन पाऊस गच्ची धुवायला जाऊ द्यायचे, तिसऱ्याला पन्हाळीखाली पिंप लावायचं. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतोच. पहिल्यांदा पावसाच्या पाण्यानं धुतलं तेव्हा चमचाभर शाम्पूचा एवढा फेस झाला की मी घाबरून आईला हाक मारली. पिळलेलं पाणी आधी करडं, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ! आईनं वरून तांब्या धरला होता. "आता कसं माणसासारखं झालं," म्हणाली. धुण्याचं सगळं पाणी खाली टबात धरलेलं असतं, ते संडासाला जातं, म्हणून तिची आता तक्रार नाही.

पावसाळ्यात वाळण्याचं बघा, हे वर राहिलं. टॉवेलनं घासायचं नाही, त्याची कुसं लॉकमध्ये जातात. जुन्या सुती साडीत गुंडाळून दाबायचं. एकेक लॉक दाबत खाली यायचं. पंख्याखाली बसा, पाठ करून. एप्रिल-मे मध्ये हा प्रश्नच नाही, 42 अंशांत गच्चीवर दोन-तीन तासांत खणखणीत.

तेल लावायचं का, हा प्रश्न मला पाण्याच्या खालोखाल विचारतात. नाही. तेलानं केस निसटतात, घट्ट बसत नाहीत, वर धूळ धरतात. कातडी फारच कोरडी पडली तर बोटाच्या टोकानं दोन थेंब, तेही मुळाशी.

शेतात जात असाल तर सोयाबीनच्या राशीला डोकं बांधल्याशिवाय उभं राहू नका. मळणीयंत्राचं भुसकट लॉकमध्ये घुसलं की धुऊन निघत नाही. मी दिवाळीपर्यंत चिमट्यानं एकेक काडी काढत बसले होते. गवतातली कुसळंही तशीच. रात्री सॅटिनचं कापड बांधून झोपा, गादीचा कापूसही चिकटतो.

मुळाशी महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर नवा केस येतो, तो सुटा असतो. दोन-तीन महिन्यांनी सुईनं आत घ्यायचा. मी आता स्वतः करते, मागचे आई करते. क्रोशाची तोरणं विणलेला तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. फार ओढून घट्ट करायचं नाही, मुळं दुखावतात आणि कपाळाजवळचे केस कायमचे जातात.

हेल्मेट नवीन घ्यायचं असेल तर लॉक्स मानेवर खाली बांधून दुकानात घालून बघा. वर अंबाडा बांधून घातलं की हेल्मेट टेकत नाही, नुसतं बसल्यासारखं वाटतं. माझं जुनं आता भाऊ वापरतो.