आधी प्रशिक्षण, मग अर्ज : डाळ मिल उभारतानाचा माझा अनुभव

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेतून कोणी उद्योग सुरू केला असे कळले, की लोक पहिला प्रश्न अनुदानाचा विचारतात. वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावात मी मिनी डाळ मिल सुरू केली, तेव्हापासून तो मलाही सतत विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर सुरुवातीलाच देते. या योजनेत सर्व महिला विशेष प्रवर्गात धरल्या जातात, त्यामुळे ग्रामीण भागासाठी असलेले, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मला मंजूर झाले आणि स्वतःचा वाटा ५ टक्केच भरावा लागला. सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाला ग्रामीण भागात २५ आणि शहरी भागात १५ टक्के अनुदान मिळते, व त्याला १० टक्के वाटा भरावा लागतो. परंतु माझी मिल आज ज्या पद्धतीने चालते, ती पद्धत अनुदानातून आलेली नाही; ती अर्ज करण्यापूर्वी घेतलेल्या प्रशिक्षणातून आली आहे.

‘अर्ज करण्यापूर्वी’ हे मी मुद्दाम लिहिते आहे. या योजनेत उद्योजकता विकास प्रशिक्षण अनिवार्य आहे, परंतु बहुतेक अर्जदार ते बँकेने कर्ज मंजूर केल्यानंतर घेतात. तोपर्यंत प्रकल्प अहवाल कोणी तरी तयार करून दिलेला असतो, यंत्राचे कोटेशन जोडलेले असते आणि प्रशिक्षणाकडे प्रमाणपत्रापुरते पाहिले जाते. मी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत आधीच नाव नोंदवले होते, आणि तेथील प्रमाणपत्र पुढे अर्जालाही चालले. अशा संस्थांची मूळ कल्पना कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळ या तीर्थक्षेत्राच्या शैक्षणिक न्यासाने दोन बँकांना सोबत घेऊन प्रत्यक्षात आणली. आता देशभर बँकाच त्या चालवतात. माझ्या वेळी वयाची अट १८ ते ४५ होती; शिकवणे, राहणे आणि जेवण विनामूल्य असते, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे संस्था पाठपुरावा करते.

आमच्या तुकडीत पोलीस भरतीचे वय उलटून गेलेले तरुण होते, तलाठी परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहून थकलेले पदवीधर होते आणि बचत गटातून आलेल्या काही महिला होत्या. सुरुवातीचे तास खेळांचे असल्यामुळे बऱ्याच जणांची निराशा झाली. एका खेळात कडे खुंटीवर टाकायचे असते आणि किती अंतरावरून टाकायचे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते; अंतर जितके अधिक, तितके गुण अधिक. दुसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा असतो आणि किती ठोकळे रचणार हे आधी जाहीर करावे लागते. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांसाठी ज्या प्रकारचे प्रशिक्षण घेतले होते, त्याच परंपरेतले हे खेळ आहेत, असे आमच्या सरांनी सांगितले. खुंटीजवळ उभे राहून खात्रीचे गुण घेणारा आणि अगदी लांबून नशीब अजमावणारा, या दोघांपेक्षा पहिला नेम चुकल्यावर अंतर थोडे बदलून पुन्हा टाकणारा माणूस धंद्यात अधिक टिकतो, असा त्यामागचा विचार आहे. एका खेळावरून माणूस ओळखता येतो यावर माझा पूर्ण विश्वास बसला नाही. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे परीक्षेचे एकच दार ठोठावले होते, ते तरुण त्या दिवशी प्रथमच आपण स्वतः ठरवलेल्या आकड्याविषयी बोलू लागले, हे मी पाहिले.

खरा उपयोग बाजार पाहणीचा झाला. प्रत्येकाने आपल्या नियोजित उद्योगाची प्रश्नावली तयार करून बाजारपेठेत जायचे आणि परत येऊन माहिती सर्वांसमोर मांडायची, असा तो भाग होता. मी किराणा दुकानदार, भुसार व्यापारी आणि बाजाराला आलेले शेतकरी यांच्याशी बोलले. तूर विकत घ्यायची, डाळ करायची, पाकिटे भरून दुकानांना द्यायची, असा माझा बेत होता. एका दुकानदाराने अगदी सरळ सांगितले, ‘‘ताई, डाळ चांगली असेल तर घेईन, पण पैसे पुढच्या खेपेला.’’ बहुतेकांचे म्हणणे असेच होते. शिवाय अकोल्याच्या मोठ्या मिलची चकचकीत डाळ दुकानात आधीच होती आणि तिच्या भावाशी लहान मिलला झुंजणे कठीण होते. शेतकऱ्यांची अडचण मात्र वेगळी होती: घरी खायला ठेवलेल्या तुरीची डाळ करून देणारे जवळपास कोणी नव्हते आणि जात्यावर भरडण्याची कोणाच्या घरात सवड उरली नव्हती.

संध्याकाळी हिशेब मांडला तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले. १०० किलो तुरीपासून मिनी मिलवर साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. तूर क्विंटलला ७,००० रुपयांना घेतली आणि ७२ किलो डाळ निघाली, असे धरले तर केवळ कच्च्या मालापोटी डाळ किलोला ९७ रुपयांना पडते. त्यावर तेल, वीज, मजुरी, बारदाना, वाहतूक, कर्जाचे व्याज आणि यंत्राची झीज येते. चुणी आणि टरफल पशुखाद्य म्हणून विकून थोडा भाग भरून निघतो. ‘‘यात तुमची स्वतःची मजुरी कुठे आहे?’’ असे शिकवणाऱ्या मॅडमनी विचारले आणि तो रकाना सगळ्यांच्याच कागदावर रिकामा निघाला. उधारीत अडकणारे पैसे धरल्यावर खेळते भांडवल माझ्या आवाक्याबाहेर जात होते. म्हणून मी प्रकल्पाचे स्वरूप बदलले: मुख्य काम शेतकऱ्यांच्या तुरीची मजुरीवर डाळ करून देण्याचे, आणि स्वतःची खरेदी मर्यादित.

त्यानंतरचा प्रकल्प अहवाल मी स्वतः लिहिला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलच्या धर्तीवरील यंत्र, शेड, वाळवणीची जागा आणि खेळते भांडवल मिळून खर्च ८ लाख रुपये धरला. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही, हे आधीच माहीत असल्यामुळे ती जागा वडिलांच्या नावाची दाखवून करार जोडला. ऑनलाइन अर्जाला शुल्क नाही आणि लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणीही मोफत आहे. तरीही अनुदानाच्या टक्केवारीवर काम करून देणारे मध्यस्थ भेटलेच.

बँकेचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा होता. पहिल्या शाखेने अर्ज बरेच दिवस ठेवून घेतला आणि वडिलांचे पीककर्ज थकीत असल्याचे कारण देऊन परत केला, जरी अर्जदार मी होते आणि माझ्या नावावर कोणतेही कर्ज नव्हते. दुसऱ्या शाखेत शेत तारण देण्याविषयी तोंडी विचारणा झाली. दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला तारण घेऊ नये, असे तेव्हा रिझर्व्ह बँकेचे निर्देश होते आणि अशा कर्जासाठी सरकारी हमी योजना आहे, हे प्रशिक्षणात शिकवलेले असल्यामुळे मी ते नम्रपणे सांगू शकले. संस्थेच्या संचालकांनीही व्यवस्थापकांशी बोलणे केले. पुढे शाखाधिकाऱ्यांनी अहवालावर बरेच प्रश्न विचारले. हंगाम संपल्यावर यंत्र काय करणार, हा त्यांचा प्रश्न मला योग्यच वाटला. हरभरा, मूग आणि उडदाची डाळ करून देण्याचे नियोजन मी त्यांना दाखवले.

अनुदान हातात मिळत नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. माझ्या ८ लाखांच्या प्रकल्पात ४० हजार रुपये माझे आणि ७ लाख ६० हजार बँकेचे होते. यंत्राचे पैसे बँकेने थेट पुरवठादाराला दिले. अनुदानाचे २ लाख ८० हजार रुपये माझ्या नावाच्या मुदत ठेवीत तीन वर्षांसाठी ठेवले आहेत. त्या ठेवीवर मला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाली, की ती रक्कम कर्जात वळती होते.

अन्न परवान्यासाठी मूलभूत नोंदणी पुरेशी ठरली. तेव्हा ती वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असल्यास मिळत असे आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. महावितरणच्या थ्री-फेज जोडणीला मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला आणि तोपर्यंत पहिल्या तुरीची आवक सुरूही झाली होती. अर्जाची वेळ ठरवताना हा उशीर धरावा, कारण तुरीचा मुख्य हंगाम डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो. अवकाळी पावसाचा धोका अहवालात लिहिलेला होता, पण टरफल सुटावे म्हणून तेल-पाणी दिलेली तूर अंगणात वाळत पसरलेली असताना आभाळ भरून येते, तेव्हा धावपळ करावीच लागते. आता वाळवणीसाठी पत्र्याचे छत वाढवले आहे. मजुरीचे काम बऱ्यापैकी चालते, पाकिटांची विक्री ओळखीच्या ग्राहकांपुरती आणि रोखीनेच ठेवली आहे. पडताळणीला अजून अवधी आहे. तोपर्यंत वीजबिले, मजुरीच्या पावत्या आणि हप्त्यांच्या नोंदी मी वेगळ्या फाइलमध्ये लावून ठेवते.