कठोपनिषद अल्बम, तिसरी वल्ली (उपनिषदाचा भाग): सम जुळली, श्वास अडला

शरीराला रथ म्हणणाऱ्या श्लोकाचं गणित सुटलं! ठेका ७/८ ठेवायचा की सरळ ४/४ (बारमध्ये, म्हणजे एका फेऱ्यात, सात एट्थ नोट की आठ), यावर मागच्या नोंदीपासून गाडं अडलं होतं. लघूला (छोट्या अक्षराला) एक एट्थ नोट, म्हणजे एक मात्रा, गुरूला (लांब उच्चाराच्या अक्षराला) दोन, असा हिशेब धरला की 'आत्मानं रथिनं विद्धि' १३ आणि 'शरीरं रथमेव तु' ११. दुसरी ओळही तशीच. अर्धा श्लोक २४ मात्रांचा, म्हणजे ४/४चे तीन बार. पण त्यात श्वासाला जागाच नाही. शेवटी चार मात्रा मोकळ्या सोडल्या की होतात २८: ७/८च्या रिफचे (गिटारच्या फिरत्या तुकड्याचे) चार फेरे, पखवाजावर धमाराची (१४ मात्रांच्या तालाची) दोन आवर्तनं. दुसऱ्या आवर्तनाची सम (पहिली मात्रा) बरोबर 'शरीरं'च्या 'री'वर येते. अंगावर काटा येतो ऐकताना.

खरी डोकेदुखी पुढच्या, इंद्रियांना घोडे म्हणणाऱ्या श्लोकाची. अनुष्टुभाची (या श्लोकांच्या छंदाची) अक्षरं चरणाला आठच, पण मात्रा हलतात. 'इन्द्रियाणि हयानाहुर्विषयांस्तेषु गोचरान्' १३+१२, तर 'आत्मेन्द्रियमनोयुक्तं भोक्तेत्याहुर्मनीषिणः' १३+१४. श्वासाला आधी तीन मात्रा उरतात, मग एकच. ८४च्या टेम्पोला (मिनिटाला ८४ ठोके, ठोक्याला दोन मात्रा) एक मात्रा म्हणजे जेमतेम ०.३६ सेकंद, 'णः' तुटतो आणि पुढचा चरण उशिरा उठतो. टेम्पो उतरवला तर रिफ मरतं. दोन टेक जोडले तर अर्धवट श्वास कानाला खटकतो. म्हणून दोन गायक: 'भोक्ते'पासून दुसऱ्याने उचलायचं, तेवढ्यात पहिला दम भरतो. शिवाय इथे 'भो' १४व्या मात्रेवर सुरू होऊन सम ओलांडतो. तिथे गिटार म्यूट, नुसता पखवाज. श्लोक घोड्यांचा आहे, एवढी ओढाताण त्याला शोभते.

रीपरमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) क्लिकचे (तालाच्या टिकटिकीचे) दोन ट्रॅक करा. पखवाजवादकाच्या कानात फक्त समेचा क्लिक हवा. गिटारचा २+२+३ ऐकू आला की धमाराचे ५-२-३-४ विभाग मोडतात.

मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड) कॉयर झकास बसलाय. अस्सल यंत्राची टेप आठेक सेकंदांत संपते आणि आपला अर्धा श्लोक १० सेकंदांचा. प्लगिनमध्ये लूपची सोय असली तरी बंदच ठेवावी. दुसऱ्या चरणाला कॉर्ड पुन्हा दाबली की आवाजाला जी धार येते, ती लूपमध्ये नाही.

धारेवरून आठवलं, याच वल्लीतलं 'क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया' मोजून पाहिलं: १८! म्हणजे ९/८चे दोन बार, आणि बारची रेघ 'निशिता'च्या 'नि'नंतर, शब्दाच्या मधोमध. पुढचा 'दुर्गं पथस्तत्कवयो वदन्ति' १७ भरतो, पण पादान्तीचा 'न्ति' गुरू धरला की तोही १८. वल्लीचा शेवट क्लीन गिटारवर ४/४मध्ये ठरला होता, तो रद्द. आता ९/८, आणि सोलो चौथ्या वल्लीत.