खोक्यावरचा आकडा आणि वीस वेढे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला तारेचा गेज कुणी शिकवायचा नसतो. तरी मी फसलो. ऑनलाइन मागवलेली मासे धरायची विणलेली लाईन, म्हणजे दुकानात जिला नुसतं ‘ब्रेड’ म्हणतात ती (खायचा नव्हे). खोक्यावर ०.१८ मिमी, ४० पौंड. म्हणजे १८ किलो! इतक्या बारीक दोऱ्यावर? नाद खुळा म्हटलं आणि चढवली रिळावर.

पहिल्याच दिवशी प्रयाग चिखलीला मासा लागला आणि लाईन सुटतच राहिली. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळला तरी सुटतेय. रीळ खोलायच्या बेतात होतो, तेव्हा दिसलं की अख्खी गुंडाळीच स्पूलवर गरगर फिरतेय. ब्रेड गुळगुळीत, धातूला धरत नाही. खाली तंगूसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉन दोरीचे, आठ-दहा वेढे देऊन त्यावर ब्रेड बांधायची असते. हा दोष माझा, लाईनचा नाही.

लाईनचा दोष माझ्या दुकानात कळला. मायक्रोमीटरच्या जबड्यात ब्रेड चपटी होते, म्हणून बारीक तारेला करतो तीच युक्ती केली. ड्रिलच्या दांड्यावर २० वेढे एकाला एक चिकटवून घेतले, व्हर्नियरनं रुंदी मोजली. ५.६ मिमी. विसानं भागा, ०.२८! ब्रेडची जाडी जपानी मापात ‘पीई’ नंबरानं सांगतात. पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५ आणि पीई ३ म्हणजे ०.२८५. मी एक-सव्वा नंबर समजून तीन नंबर घेऊन आलो होतो. हुकाच्या काट्याला बांधून ओढली तर ११ किलोला गाठीपाशी तुटली. हाताखालचं पोरगं म्हणालं, “मालक, खोकंच बांधून वडायचं हुतं.”

तेव्हापासून पौंड बघत नाही, जाडी बघतो.

नदीत रोहू-कटल्याला कणकेची गोळी लावून बसायचं तर अजूनही ०.३५ चा तंगूसच. तंगूस ताणतो, ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. कटल्याचा ओठ मऊ. काठाशी त्यानं हिसडा दिला की ब्रेडवर गळ ओठ फाडून मोकळा होतो. मरळीचं उलटं. ती जलपर्णीच्या कडेला रबरी बेडूक घेते आणि लगेच आत घुसते. तिथं ताणणारी दोरी म्हणजे मासा गेलाच. इथं चार पदरी, तीन नंबर. पदर जाड असल्यामुळं ती जरा खरखरीत असते, गाईडमधून सुर्रर्र आवाज करत जाते, पण गवत कापत येते. म्हणजे फसवी लाईन वाया गेली नाही. (पावसाच्या तोंडाला पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. आईबाप खालीच राखण करत असतात, भुकेनं नव्हे तर रागानं घेतात.)

समुद्र म्हणजे आमच्यासाठी गगनबावडा उतरून देवगड, मेहुण्याकडं. तिथं आठ पदरी, पीई २. गोल आणि मऊ, वाऱ्यातही लांब जाते. पहिल्या खेपेला थेट ब्रेडलाच ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, बांधला होता. मेहुणा म्हणाला, “भावजी, खडपार कालवां आसत, दोरी कापतली.” मी हसलो. तांबोशी लागली, कपारीकडं वळली आणि तीन सेकंदांत काठी सरळ. टोक हातात घेऊन बघितलं तर हातभर लाईन लोकरीसारखी पिंजलेली. ब्रेड म्हणजे शेवटी पॉलिथिनच, लांबलचक साखळ्यांचं. ओढीला पक्कं, घासायला कच्चं, आणि दीडशे अंशांच्या आसपास वितळणारं. म्हणून गाठसुद्धा कोरडी आवळायची नाही, आधी थुंकी लावायची.

आता पुढं दीड वाव ०.६० चा तंगूस लीडर, म्हणजे घासणी झेलणारा तुकडा, म्हणून असतो, एफजी नावाच्या गाठीनं जोडलेला. या गाठीत तंगूसाला वेढाच नसतो. ब्रेड त्याच्यावर एकदा इकडून, एकदा तिकडून आवळत न्यायची. लोकांना महिना लागतो म्हणे. मी कॉईलची तोंडं दोऱ्यानं बांधण्यात वीस वर्षं घालवली आहेत, दुसऱ्या प्रयत्नाला जमली. आयुष्यात कामाचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं.

ही लाईन पाणी पीत नाही, पण पदरांच्या फटीत खारं पाणी राहतं आणि वाळून मीठ धरतं. परत आल्यावर स्पूल गोड्या पाण्याच्या बादलीत. बादली कुठली घ्यायची यावर घरात वाद आहे.

मोसम संपला की लाईन उलटी करतो, कारण झिजतो तो वरचा पन्नास-साठ मीटरचा भाग, खालची कोरीच असते. मागच्या रविवारी पोरगं टोक धरून गल्लीच्या नाक्यापर्यंत गेलं. मधून एक फटफटीवाला आला. त्याला लाईन दिसलीच नाही. आम्ही दोघांनी एकदम हातातली टोकं सोडून दिली, आणि अजून गुंता सोडवतोय.