ग्लिप्टोडॉनचे हाडांचे चिलखत

पुण्यात चिलखती प्राण्यांचा विषय निघाला, की सह्याद्रीतील खवले मांजराचेच नाव पुढे येते. परंतु त्याचे खवले नखांसारख्या केराटिनचे असतात, तर दक्षिण अमेरिकेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या ग्लिप्टोडॉन या अवाढव्य सस्तन प्राण्याची पाठ हजाराहून अधिक हाडांच्या तुकड्यांनी मढलेली होती. प्रत्येक तुकड्यावर मधोमध एक गोल उंचवटा आणि त्याभोवती लहान उंचवट्यांची फुलासारखी नक्षी असे. संरक्षणासाठी इतकी देखणी कारागिरी मला तरी अन्यत्र आढळलेली नाही. १८३९ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे नामकरण केले. आर्माडिलोशी, म्हणजे अमेरिका खंडांत आजही आढळणाऱ्या लहान चिलखती सस्तन प्राण्याशी, असलेले त्याचे नेमके नाते मात्र २०१६ मध्ये, डोएडिक्युरस या त्याच्या भाईबंदाच्या कवचातून मिळालेल्या डीएनएमुळे उलगडले: ही अवाढव्य मंडळी आर्माडिलोंच्या कुळातीलच निघाली.